पावसाळ्यात डर्बनच्या किनाऱ्यावर गोल्फला जाताय? या चुका टाळा

जून लागला की मुंबईतल्या गोल्फवाल्यांची पंचाईत होते. चेंबूरच्या फेअरवेवर, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, पाणी साचतं, खारघरला पांडवकड्याचा धबधबा कोर्सपेक्षा जास्त गर्दी खेचतो आणि किट माळ्यावर जातं. नेमक्या याच महिन्यांत दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल किनाऱ्यावर कोरडा, उन्हाचा हिवाळा असतो. दिवसा 22-23 अंश, घाम नाही, चिखल नाही. डर्बनच्या उत्तरेला बॅलिटोजवळचं झिंबाली, दक्षिणेला साउथब्रूम आणि सॅन लामीर, ही समुद्राकाठची कोर्सेस किनारी जंगलातच वसलेली आहेत. फेअरवेवर बुशबक हरणं चरतात, टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, माकडं हजेरी लावतात. हल्ली मुंबईतून चार-आठ जणांचे ग्रुप तिकडे निघतात खरे, पण बेत आखतात गोव्याच्या सहलीसारखा. हॉटेल झालं, विमान झालं, टी-टाइम (खेळ सुरू करायची ठरलेली वेळ) झाला की सुटलो. बिघडतं ते या तिन्हींच्या मधल्या जागांत.

पहिली चूक म्हणजे सिंहांची वाट बघणं. ‘वाइल्डलाइफ रिसॉर्ट’ वाचून लोक हत्ती-गेंड्यांच्या तयारीने जातात. या किनारी वसाहतींत कुंपणाच्या आत दिसतात ते बुशबक, सशाहून थोडंच मोठं असलेलं निळं ड्यूकर हरीण, पट्टेरी मुंगसांचे कळप, घोरपडी, भरपूर पक्षी आणि माकडं. गेंडे बघायचे तर हलुहलुवे-इम्फोलोझी उद्यानात जावं लागतं. ते 1895 साली राखीव झालं आणि पांढऱ्या गेंड्याला नामशेष होण्यापासून वाचवण्याचं श्रेय त्याच्याकडे जातं. पण बॅलिटोहून एका बाजूचा प्रवासच अडीच तासांच्या आसपास. सकाळी अठरा होल्स, म्हणजे पूर्ण फेरी, आणि दुपारी सफारी असा बेत कागदावरच शोभतो. सफारीला वेगळा दिवस द्या आणि आदली रात्र तिकडेच काढा.

दुसरी चूक दुपारच्या टी-टाइमची. मुंबईत जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, तीच सवय डोक्यात राहते. डर्बनला जूनअखेर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि उगवतो जवळपास सातला. चौघांच्या फेरीला साडेचार तास धरा. त्यात तिकडची रीत अशी की नऊ होल्स झाले की सगळे ‘हाफवे हाउस’ला थांबतात, टोस्ट सँडविच खातात आणि मग पुढे जातात. हा थांबा वेळापत्रकात धरलेला असतो, घाई करून वाचत नाही. साडेबाराला सुरू केलंत तर शेवटचे दोन-तीन होल्स अंधारात जातील. साडेदहाच्या आतली वेळ मागा. काही क्लबांत सकाळी पहिल्या आणि दहाव्या अशा दोन्ही टींवरून सुरुवात होते, तेव्हा आपली कुठली आहे हे आधी विचारून घ्या.

तारखांचंही तसंच. जुलैचा पहिला शनिवार म्हणजे ‘डर्बन जुलै’, 1897 पासूनची घोड्यांची प्रसिद्ध शर्यत. त्या आठवड्यात हॉटेलांचे भाव चढतात. त्याच सुमारास तिथल्या शाळांना हिवाळी सुट्टी असते, म्हणून रिसॉर्टही भरलेले. जूनचे पहिले दोन आठवडे त्या मानाने निवांत. ऑगस्टपासून वारा वाढतो, ईशान्येचा आणि नैर्ऋत्येचा आलटून पालटून. काल सात नंबरच्या आयर्नने (लोखंडी क्लबने) पोचलेलं ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, आज जास्त लांब मारणाऱ्या चारनेही हाताला लागत नाही, अशी तक्रार तेव्हाच ऐकू येते.

आता माकडं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बॅगा, फोन आणि मूड यांचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. ही व्हर्वेट माकडं. राखाडी अंग, काळं तोंड, आकाराने आपल्या लाल तोंडाच्या माकडापेक्षा लहान, पण हात सफाईचे. गोल्फ बॅगेची चेन त्यांना उघडता येते. आपण मात्र बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू भरून नेतो आणि चौघेही पटिंगला, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकात ढकलायला, गेलो की कार्ट (गोल्फची छोटी गाडी) ग्रीनशेजारी उघडी. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात, डबा बॅगेच्या आतल्या कप्प्यात, आणि चेनच्या दोन्ही टोकांना एक लहान हूक. चौघांपैकी ज्याचा पट आधी होईल त्याने कार्टकडे परत जायचं, एवढा नियम ठरवला तरी बरंच वाचतं. खोलीत बाल्कनीचं दार ‘पाच मिनिटांसाठी’सुद्धा उघडं ठेवू नका. फळांची टोपली टेबलावर दिसली की ती त्यांचीच.

आणि कृपा करून खायला घालू नका. एलिफंटाला जाऊन कणसं वाटणाऱ्यांना हे पटत नाही, पण माणसाच्या हातून खायला शिकलेलं माकड पुढे अंगावर येतं आणि शेवटी त्याचाच जीव जातो. उचललेली वस्तू ओढून परत घेऊ नका, डोळ्याला डोळा भिडवून दात दाखवत हसू नका. माकडांत ती धमकी असते. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ‘मुंबईला गेल्यावर बघू’ हे रेबीजच्या बाबतीत चालत नाही.

हरणांचं उलट आहे. ती शांत दिसतात म्हणून लोक सेल्फीला जवळ जातात. बुशबक नराची शिंगं आखूड पण टोकदार असतात आणि कोंडीत सापडला तर तो ती वापरतो. फेअरवेवर हरीण असेल तर पुढचा ग्रुप असल्यासारखं थांबा. मागचे खोळंबतील, खोळंबू द्या. उंच गवतात हात घालून चेंडू शोधण्याची सवयही सोडा. हिवाळ्यात साप कमी हलतात, पण पफ ॲडर हा विषारी साप पावलांचा आवाज ऐकून पळत नाही, जागीच पडून राहतो. चेंडू दीड-दोनशे रुपयांचा असतो.

नियमांवरून भांडणं हमखास होतात, तेव्हा हे आधी वाचून ठेवा. थांबलेला चेंडू माकडाने उचलला आणि तुम्ही ते पाहिलं, तर दंड नाही. चेंडू मूळ जागी ठेवायचा, परत मिळाला नाही तर दुसरा घ्यायचा. पण ‘माकडानेच नेला असेल’ हा नुसता अंदाज चालत नाही. जवळपास खात्री हवी, नाहीतर तीन मिनिटं शोधून तो हरवलेला धरायचा. चालता चेंडू हरणाला लागून वळला तर जिथे थांबला तिथून खेळायचं. मात्र ग्रीनवरून मारलेला पट मुंगसाला लागला, तर तो पट पुन्हा. चेंडूजवळ साप किंवा मधमाश्या असतील तर धोक्याच्या प्राण्यापासून दंडाशिवाय सवलत मिळते, नियम 16.2. फेअरवेवरचा हरणाच्या खुराचा ठसा मात्र प्राण्याने खणलेलं बीळ ठरत नाही, तिथून मुकाट खेळा. लेंड्या सुट्या अडथळ्यात मोडतात, हलवता येतात. कोण हलवणार ते आपसात ठरवा.

नकाशा न बघता बुकिंग करणारे बरेच. किंग शाका विमानतळ डर्बनच्या उत्तरेला आहे. झिंबाली तिथून वीसेक मिनिटांवर, पण साउथब्रूम किंवा सॅन लामीर दोन तासांच्या पुढे. रात्री उशिरा उतरून अनोळखी रस्त्याने दक्षिणेकडे गाडी हाकू नका. पहिली रात्र उत्तरेलाच काढा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. आपलं लायसन्स इंग्रजीत असलं तरी भाड्याने गाडी देणारे आंतरराष्ट्रीय परवाना मागू शकतात. तो आरटीओतून निघतो.

विमानाचं तिकीट स्वस्त म्हणून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे काढलं की यलो फीव्हरचा (पीतज्वराचा) प्रश्न येतो. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर दक्षिण आफ्रिका लशीचं प्रमाणपत्र मागते, आणि परतताना भारतातही विचारणा होऊ शकते. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढे ही लस डॉक्टर जपून देतात, आणि आपले बहुतेक ग्रुप त्याच वयाचे. थोडे पैसे जास्त गेले तरी दुबईमार्गे जाणं सोपं. व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही बुक करू नका. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं आणि परतीनंतर किमान तीस दिवसांची मुदत हवी. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेत.

न खेळणाऱ्यांना दिवसभर रिसॉर्टवर बसवून ठेवू नका. जून ते नोव्हेंबर या किनाऱ्यावरून हंपबॅक देवमासे जातात. पोहायचं तर जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यावरच. गांधीजींनी 1904 साली वसवलेला फिनिक्स आश्रम बॅलिटो-डर्बन रस्त्यापासून फार आड नाही. जेवणाची चिंता शाकाहारी मंडळी उगाच करतात. 1860 पासून इथे भारतीय वस्ती आहे, डर्बनमध्ये बीन्स बनी चाऊ कुठेही मिळतो. पोखरलेल्या पावात घेवड्याची झणझणीत उसळ. पाव अख्खा, अर्धा किंवा पाव भाग असा मागता येतो. पहिल्यांदा पाव भागच मागवा, अर्धा दोघांना पुरतो.