ब्लड कलेक्शन शिकताय? मग या चुका टाळा

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून ट्रेनिंगला आलेल्या पोरांचं पहिल्याच दिवशी सुरू होतं, सर मला प्रिक करू द्या ना. अरे बाबा, शीर सापडायला लागते हळूहळू, घोळ होतो तो बाकीच्यातच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे एका बल्बमधलं (म्हणजे रक्त भरायच्या नळीतलं) रक्त दुसऱ्यात ओतणं. एकदा नाइटला एका आजोबांचं पोटॅशियम आलं 9 च्या वर, कॅल्शियम पार तळाला. वॉर्डात धावाधाव, ईसीजी काढला तर एकदम नॉर्मल, आणि आजोबा विचारतायत चहा कधी मिळणार. नवीन पोराला बाजूला घेतलं तर म्हणतो, प्लेन बल्बात कमी पडलं होतं म्हणून जांभळ्या टोपणाच्या बल्बातलं थोडं टाकलं. झालं! जांभळ्यातलं ईडीटीए म्हणजे पोटॅशियमचंच मीठ, वर ते कॅल्शियम पकडून ठेवतं, म्हणून तर त्यात रक्त गोठत नाही. कमी पडलं तर सरळ सांगा आणि परत घ्या, पेशंटच्या शिव्या खाल्ल्या तरी चालतील. मी तर बल्ब ट्रेमध्ये भरायच्या क्रमानेच उभे करतो, निळा, लाल किंवा पिवळा, हिरवा, जांभळा, शेवटी करडा, म्हणजे रात्री तीनला डोकं चालवावं लागत नाही. निळा मात्र खुणेपर्यंतच, 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट (हेही रक्त गोठू देत नाही), अर्धवट भरलात तर पीटीचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, रिपोर्ट चुकलाच म्हणून समजा.

दुसरं, वेळ वाचवायला आधीच लेबलं चिकटवून ठेवणारे हुशार लोक. आणि "तुम्ही पाटीलकाका ना?" असं विचारूच नका, झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. "काका, पूर्ण नाव सांगा, वय सांगा" असं विचारायचं, फॉर्मशी जुळवायचं, रक्त घेतल्यावर तिथेच उभं राहून लेबल लावायचं.

टुर्निकेट, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, एक मिनिटाच्या वर नको, आणि मूठ उघडझाक करायला लावू नका, त्यानेही पोटॅशियम वाढतं. सुई काढायच्या आधी टुर्निकेट सोडा, नाहीतर हात काळानिळा. स्पिरिट वाळू द्या, फुंकर मारू नका (हो, मारतात!). सुईला टोपण परत लावायचं नाही म्हणजे नाही.

दोनदा प्रयत्न करून शीर नाही मिळाली तर सीनियरला हाक मारा. तिसऱ्यांदा टोचताना मला दिसलात तर आठवडाभर नुसतं सेंट्रिफ्यूज (रक्ताचे बल्ब गरगर फिरवायचं मशीन) पुसायला बसवतो.