अ‍ॅडॉप्टर गेला? स्वस्तातला दुसरा लावण्याआधी तो असा तपासा

राऊटर, मॉनिटर, हार्ड डिस्क, कशाचाही अ‍ॅडॉप्टर गेला की "पिन बसतेय ना, मग लाव" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्याचं अजिबात ऐकू नका.

व्होल्टेज जुन्या लेबलवर आहे तेवढंच हवं. अँपिअर तेवढे किंवा जास्त, जास्त असले तर काही बिघडत नाही, डिव्हाइस लागेल तेवढाच करंट ओढतं.

मग लेबलवरचं गोलाचं छोटं चित्र बघा, मधला ठिपका प्लसला जोडलाय की मायनसला, दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर सारखंच पाहिजे. पिनचं माप पण बघा. बाहेरून 5.5 मिमी दिसणाऱ्या पिनचं आतलं भोक 2.1 किंवा 2.5 मिमी असतं, 2.5 वाली 2.1 च्या सॉकेटमध्ये आरामात जाते पण ढिली बसते आणि तिथेच तापते.

आता खरी गोष्ट, लोड टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष करंट ओढत असताना व्होल्टेज मोजणं. इथे मी स्वतः फसलोय. माझी 12 व्होल्टची हार्ड डिस्क कॉपी करताना मध्येच टक टक करून बंद पडायची. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) लावला तर अ‍ॅडॉप्टर 12.1 दाखवत होता, म्हणून मी त्याला क्लीन चिट दिली आणि केबल बदलली, पोर्ट बदलला, डिस्कच गेली म्हणून फोटोंची आशा सोडली. नंतर लोड लावून मोजलं तर तोच अ‍ॅडॉप्टर 9.8 वर आला! लेबलवर 2 अँपिअर लिहिलं होतं, त्याला एवढाही झेपत नव्हता आणि डिस्कला तर फिरायला सुरुवात करतानाच सगळ्यात जास्त करंट लागतो. त्यामुळे नुसता मीटर लावून "ओके आहे" म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

12 व्होल्टवाल्यासाठी करायचं असं: 12 ओहमचा, 25 वॉटचा रेझिस्टर (ठरावीक करंट ओढणारा छोटा भाग) घ्या, 12 व्होल्टवर तो 1 अँपिअर ओढतो. 2 अँपिअरसाठी तसे दोन पॅरलल, म्हणजे दोघांची एकेक टोकं एकत्र जोडून. स्क्रूवाल्या डीसी सॉकेटला जोडा, मीटरही त्याच दोन स्क्रूंना लावा, फरशीवर ठेवा, अ‍ॅडॉप्टर चालू करून 20-30 सेकंद मीटर बघा. 11.4 च्या खाली गेला तर तो अ‍ॅडॉप्टर नको. रेझिस्टरला हात लावू नका, भयंकर तापतो, मला बोटावर फोड आला होता.

यात पास झाला तरी एक धोका मीटरवर दिसत नाही. आत मेन्सची (भिंतीतल्या विजेची) बाजू आणि आउटपुट यांच्यामध्ये एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा भाग) असतो, तो सेफ्टी रेटिंगचाच लागतो. स्वस्तातल्यात कधीकधी साधा टाकलेला असतो, दोन्ही बाजूंमधलं अंतरही कमी ठेवलेलं असतं. तो कपॅसिटर शॉर्ट झाला तर मेन्सचा करंट थेट तुमच्या हातातल्या डिव्हाइसपर्यंत येऊ शकतो. हे तपासायला अ‍ॅडॉप्टर उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज राहिलेला असू शकतो. आणि जड आहे म्हणजे चांगला हेही खरं नाही, वजन वाढवायला आत लोखंडाचा तुकडा टाकलेले निघालेत. म्हणून मी डिव्हाइसच्या कंपनीचाच घेतो, नाहीतर नावाजलेल्या कंपनीचा, आणि तोही लोडवर लावून बघतो.

फेल झालेला ड्रॉवरमध्ये ठेवू नका, घरातलं कोणीतरी तो परत लावतंच. आधी प्लग काढा, मग आउटपुटची वायर कापा आणि ई-कचऱ्यात द्या.