रानात पुरलेलं रुपयांचं गाडगं: यंत्र कसं फिरवायचं

बेळगावचा किल्ला, हलशीची देवळं अशा संरक्षित जागी मेटल डिटेक्टर (धातू शोधायचं मशीन) घेऊन पाय ठेवायचाच नाही. दुसऱ्याचं रान असेल तर मालकाची लेखी परवानगी आधी, मशीन नंतर.

निम्मं काम मातीचं. खानापूरच्या पश्चिमेकडे तांबडी जांभ्याची माती, तिच्यातलं लोखंडच मशीनला बडबडायला लावतं. तिथं ग्राउंड बॅलन्स (मशीनला त्या मातीशी जुळवून घेणं) हातानं करा: कॉइल (मशीनचं खालचं गोल तबक) फूटभरावरून दोन बोटांवर आणायची, परत वर न्यायची, आवाज सपाट होईपर्यंत. मातीचा रंग बदलला की पुन्हा. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) पूर्ण चढवली तर गोंगाटच ऐकू येतो. अथणी-रायबागकडच्या काळ्या रानात नांगरटीवर लगेच जाऊ नका. ढेकळांमुळं कॉइल जमिनीला टेकत नाही आणि खोली वाया जाते. कुळव फिरून रान सपाट झालं की बघा.

जुने रुपये चांदीचे, आणि चांदीला मशीनची कमी फ्रिक्वेन्सी मानवते, 5 ते 8 किलोहर्ट्झ. 11 इंची कॉइलला एकटा रुपया वीतभर खोल सापडतो. राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचा) रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी जवळपास 92 टक्के. त्यामुळं मशीनच्या पडद्यावर, 0 ते 99 च्या पट्टीवर, आकडा बहुधा 85 च्या वर. फसवतो तो गंजका पत्रा, तोही तेवढाच आकडा दाखवतो. काटकोनात फिरून त्याच जागेवर पुन्हा कॉइल न्या. चांदीचा आकडा हलत नाही, पत्र्याचा उड्या मारतो.

गाडग्याचा आवाज रुंद असतो. कॉइल फूटभर उचलली तरी तो तुटत नाही. मातीचं भांडं मशीनला दिसत नाही, वाजतात ती आतली नाणी. तांब्याची घागर असेल तर ती आधी वाजते (रिकामी असली तरी!). एकाच रेषेत चार-पाच रुपये सुटे लागले तर ट्रॅक्टरनं गाडगं फोडलंय असं समजा. प्रत्येक जागी काडी रोवा, नांगराच्या तासाच्या दिशेनं बघा. काड्या दाट झाल्या की मूळ जागा जवळ आली.

खोदताना कुदळ नको. आवाजाच्या मध्यापासून वीतभर बाजूला खुरप्यानं खड्डा घ्या आणि आडवे आत जा. वरून घाव घातला की खापर फुटतं, वरच्या नाण्यावर चरा पडतो. काठ दिसला की हात थांबवा. मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, खोली मोजा, जवळच्या दोन बांधांपासूनचं अंतर लिहा. गाडगं रिकामं करू नका. हिरव्या गंजानं चिकटलेली नाणी ओढून सुटी करायची नाहीत, आणि चिंच-राखेनं तर अजिबात घासायची नाहीत. वरचे अक्षर-छाप जातात, मग टाकसाळ ओळखता येत नाही.

निखात निधीचा (पुरलेल्या धनाचा) कायदा इथं लागू होतो. काय सापडलं, अंदाजे किती, कुठल्या सर्व्हे नंबरात, कुठल्या तारखेला, एवढं लिहून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. सराफाकडं दाखवायला एकही रुपया नेऊ नका.