फ्रेंचमधलं अनेकवचन कानाने पकडताना

फ्रेंच शिकायला लागले तेव्हा माझं सगळं लक्ष नामाच्या शेवटाकडे असायचं. आंबा-आंबे, केळं-केळी हीच कानाची सवय. फ्रेंचमध्येही अनेकवचनाला शेवटी 'एस' लागतो, पण तो बहुधा मुका असतो. 'लीव्र' म्हणजे पुस्तक आणि पुस्तकंही. फरक ऐकू येतो तो आधीच्या उपपदात, म्हणजे इंग्रजी 'the'सारख्या छोट्या शब्दात: 'ल लीव्र' एक, 'ले लीव्र' अनेक. मी वहीत दोन्हींपुढे 'ले' असाच उच्चार लिहून ठेवला होता आणि पहिल्या श्रवणचाचणीत त्याची किंमत मोजली. तेव्हा आधी हे दोन स्वर वेगळे करा. 'ल' म्हणताना ओठ गोल, 'ले' म्हणताना फाकलेले. डेल्फ ए1 या फ्रेंचच्या प्राथमिक पातळीच्या परीक्षेत 100 पैकी 25 गुण ऐकण्याचे असतात.

मला हे उमगलं लाडवामुळे. एक लाडू, चार लाडू, शब्द तोच. 'चांगला लाडू' की 'चांगले लाडू', हे शेजारचा शब्द सांगतो. फ्रेंचमध्ये बहुतेक नामं लाडवासारखीच वागतात. शिवाय एकवचनात 'ल' की 'ला' हा लिंगाचा प्रश्न असतो, अनेकवचनात सगळ्यांना एकच 'ले'.

पुढे स्वर आला की 'ले'च्या स्पेलिंगमधला मुका 'एस' जागा होतो आणि 'झ' ऐकू येतो: ले अधिक आमी, म्हणजे 'लेझामी', मित्र. पॅरिसच्या शांझेलिझेमधला पहिला 'झ' असाच आलेला. पण 'एच'ने सुरू होणारे काही शब्द (हा 'एच' उच्चारत नाहीत) हा सांधा जुळू देत नाहीत. नायक म्हणजे 'ले एरो'. जोडून म्हटलंत तर ऐकणाऱ्याला 'ले झेरो', म्हणजे शून्यं, ऐकू येतील. असे शब्द पाठच करावे लागतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या आवडीनिवडी सांगताना. 'मला आंबे आवडतात' यात मराठीत उपपद नाही, इंग्रजीतही नाही, म्हणून आपण ते गाळतो किंवा 'दे' लावतो. 'दे मांग' म्हणजे काही आंबे, बाजारातून आणलेले. आंबा ही जातच आवडते, तेव्हा 'झेम ले मांग'. नकारातही हा 'ले' हलत नाही: 'झ नेम पा ले मांग'. 'दे' मात्र नकारात सहसा 'द' होतो.

'मध्ये' अशा अर्थाचा 'आ' आणि 'ले' मिळून 'ओ' होतो, म्हणून अमेरिकेत म्हणजे 'ओझेताझुनी'. हे मी नियम म्हणून कधी घोकलं नाही, अख्खा शब्दच तोंडात बसवला. आता वहीत प्रत्येक नाम 'ले'सकट लिहिते, जोडून वाचायचं असेल तिथे खाली कंस काढते आणि न जुळणाऱ्या 'एच'वर लाल टिंब देते.