खिळ्यांच्या गर्दीतले नाणे: मेटल डिटेक्टरची चाचणी

लोखंडी खिळ्यांमध्ये पडलेले बिनलोखंडी नाणे मेटल डिटेक्टरला वेगळे ओळखता येते का, हे या चाचणीत पाहायचे. चाचणीचे लोखंडी खिळे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात सहज मिळतील. नाणे मात्र विचारपूर्वक निवडावे. १९९२ पासूनचा स्टेनलेस स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, त्यामुळे तो येथे कामाचा नाही. १९८० च्या दशकातला तांबे-निकेलचा रुपया घ्यावा.

एकही खिळा नसलेल्या लाकडी फळीवर आधी नुसते नाणे ठेवून त्याचा आवाज कानात बसवावा. मग दोन्ही बाजूंना चार सेंटिमीटरवर एकेक खिळा आडवा ठेवून कॉइल (यंत्राची धातू शोधणारी तबकडी) ठरावीक उंचीवरून, एकाच गतीने फिरवावी. फळी न हलवता तिच्याभोवती फिरत आठही दिशांनी ऐकावे, कारण कॉइल ज्या दिशेने खिळा-नाणे-खिळा अशा क्रमाने जाते, तिथेच आवाज तुटतो किंवा पूर्ण दबतो, आणि यंत्राचा खरा कस तिथेच लागतो. किती दिशांनी स्वच्छ आवाज आला, ते वहीत लिहावे.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको असलेल्या धातूचा आवाज गाळण्याची सोय, खिळा जेमतेम गप्प होईल इतकेच ठेवावे. हौसेने वाढवल्यास शेजारचे नाणेही गप्प होते. फळीवरचा निकाल जमिनीत तसाच मिळेल असे धरू नये: पन्हाळ्याकडच्या जांभ्या मातीतच लोह असते, म्हणून ग्राउंड बॅलन्स करून, म्हणजे मातीतल्या लोहाचा परिणाम वजा होईल असे यंत्र जुळवून, तीच मांडणी मातीत पुरून पुन्हा तपासावी.