मित्राची बाटली उष्टी प्यायलो, आता ओठाला जर (पाणी भरलेले फोड) फुटणार का? ही धास्ती कशी उतरवायची

सांगलीच्या विश्रामबागेत आम्हा पाच जणांत भडंगाचा एकच कागद पसरलेला. एकाच्या ओठाच्या कडेला खपली होती आणि नेमकं त्याच्याच बाटलीला मी तोंड लावलं. रात्री मोबाइलवर ‘हर्पिस’ वाचलं आणि पुढचा आठवडा टॉर्च घेऊन आरशासमोर काढला. भडंगाच्या तिखटानं ओठ चुरचुरला तरी छातीत धस्स व्हायचं.

आधी दुखण्याचं नाव नीट लावा. आपल्याकडे हर्पिस म्हटलं की नागीण आठवते. नागीण कांजिण्यांच्या विषाणूची. ओठावरचा जर हर्पिस सिम्प्लेक्सचा, बहुतेक वेळा टाइप १. तोंड येणं आणखी वेगळं. गालाच्या आत, जिभेच्या कडेला होणारे ते पांढरे व्रण एकाचे दुसऱ्याला होत नाहीत. जर फुटतो तेव्हा ओठाच्या कडेला आधी चुणचुण होते, मग पाणी भरलेल्या बारीक फोडांचा झुपका येतो, ते फुटून खपली धरते आणि एक-दोन आठवड्यांत सगळं साफ होतं.

मग शांतपणे आठवा, ओठाला नक्की काय लागलं? पापा घेतला असेल, ओला फोड किंवा लाळ थेट लागली असेल, तर धोका खरा. फोड नसतानाही लाळेतून विषाणू येऊ शकतो. उष्टी बाटली, कप, टॉवेल यांतून लागणं अशक्य नाही, पण शरीराबाहेर हा विषाणू फार तग धरत नाही, त्यामुळे शक्यता कमी. एसटीचा दांडा आणि भडंगाचा कागद तर डोक्यातून काढूनच टाका.

मला खरा धीर दिला तो एका आकड्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या अंगात टाइप १ आहे. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो आणि कित्येकांना आयुष्यात एक फोडही येत नाही. म्हणजे त्या बाटलीआधीच तो माझ्यात असेल!

तरी चैन पडत नसेल तर कॅलेंडरवर तारीख लिहा. लागण झालीच तर फोड साधारण २ ते १२ दिवसांत उठतात. तोवर उगाच रक्त तपासू नका. विषाणू कधी आणि कुणाकडून आला, ते त्या रिपोर्टात कळत नाही. फोड आलाच तर तो ओला असतानाच सांगली-मिरजेत त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. असायक्लोव्हिरसारखं औषध लवकर सुरू केलं तरच खरं उपयोगी पडतं. खपली खरवडू नका, फोडाला हात लागला की साबणानं धुवा. डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपण घाबरतो कपबशीला आणि बेफिकीर राहतो बारशात. पहिल्या महिन्याभराच्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. ओठाला जर असेल तर बाळाचा पापा घ्यायचा नाही, मग ती आत्या असो की सख्खी आजी. बाळ दूध ओढेना, मलूल पडलं किंवा अंग तापलं तर लगेच दवाखाना. आजी रुसल्या तर रुसू देत. खपली पडली की बाळ त्यांच्याच मांडीवर द्यायचं आहे.