संगणक खरेदीच्या निविदेत पर्यावरणाच्या अटी कशा घालाव्यात

मंत्रालय असो वा वॉर्ड ऑफिस, ‘पर्यावरणपूरक यंत्रास प्राधान्य’ हे वाक्य निविदेत निरुपयोगी. शेवटी एल-१ म्हणजे सर्वांत कमी दरच जिंकतो. म्हणून अट तांत्रिक पात्रतेतच घाला आणि ती मोजता येईल अशी ठेवा.

आधी विजेचा हिशेब करा. ६० वॅटऐवजी २५ वॅट खाणारा संगणक घेतला, रोज ८ तास, वर्षाला २५० दिवस चालला, तर यंत्रामागे ७० युनिट वाचतात. २०० यंत्रांत १४,००० युनिट. हा आकडा टिपणीत असला की लेखा शाखेची हरकत निम्मी विरते.

‘ईपीट किंवा समतुल्य’ लिहा; ईपीट (EPEAT) म्हणजे इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे पर्यावरणविषयक मानांकन. ‘समतुल्य’ गाळलेत तर तक्रार ठरलेलीच. प्रमाणपत्र नेमक्या मॉडेलचे व भारतासाठीच्या नोंदणीचे आहे का, हे ईपीटच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. कंपनीचे सरसकट पत्र चालवून घेऊ नका.

ई-कचरा नियम २०२२ नुसार उत्पादकाची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणी मागा. जुनी यंत्रे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडेच द्या, तेही निर्लेखन (नोंदवहीतून यंत्र अधिकृतपणे कमी करणे) वेळेत उरकून. नाहीतर ती तळघरात पावसाळा काढतात, बॅटऱ्या फुगतात.